उशाशी लाल थर्मास

माझं अक्षर चांगलं आहे असं मी नाही म्हणत, सगळं पोलीस खातं म्हणायचं. मोत्यासारखं अक्षर म्हणून माझं नावच मोती पडलं. आता मोती म्हटलं की कोणालाही आधी कुत्रा आठवतो, आणि आमचे साहेब हाकही तशीच मारायचे, पण मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. तीस वर्षं खात्यात लेखनिक होतो. साहेबांनी बघायचं आणि बोलायचं, मी लिहायचं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आता बिल्डिंगच्या नोटिसा लिहितो. ‘पाणी उद्या येणार नाही’ हे इतक्या सुंदर अक्षरात दुसऱ्या कुठल्या बिल्डिंगमध्ये वाचायला मिळणार नाही.

हे कौतुक आधीच उरकून घेतो, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

परवा सकाळी दारात एक बाई उभी. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, हातात फाइल. मागे एक चष्मेवाला, खांद्याला लॅपटॉपची बॅग. बाई म्हणाली, "मोतीकाका ना? मी जुन्या खुनांच्या तपास पथकातून आले."

आमची ही आतून ओरडली, "अहो, कोण आलंय?"

"पोलीस."

"आता काय केलंत?"

आमच्या हिला विनोद करायला वेळकाळ लागत नाही. मी हसलो. मॅडमही हसली. चष्मेवाला तेवढा हसला नाही.

मॅडमनं सांगितलं ते असं. दोन खुनांसाठी जन्मठेप भोगणारा एक माणूस तुरुंगात अचानक बोलायला लागला होता. म्हणे, आणखी सात केले. कुठे, कधी, कसे, सगळं सांगतो. त्यामुळे सात जुन्या फायली पुन्हा उघडल्या. त्यातली एक आमच्या ठाण्याची, बावीस वर्षांपूर्वीची. लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहणारी शिवणकाम करणारी बाई. तापानं अंथरुणाला खिळलेली असताना कोणीतरी उशीनं तोंड दाबून मारलेली. मुलगी नऊ वर्षांची, शाळेत गेली होती.

"हा पंचनामा तुमच्याच हातचा ना?" तिनं फाइल उघडून समोर धरली.

अक्षर बघताक्षणी ओळखलं. स्वतःचं मूल ओळखावं तसं. म्हटलं, "माझाच."

"बाकीच्या सहा केसेसमध्ये तो सांगतो ते पेपरात आलेलं होतं, त्यामुळे पुरावा म्हणून कच्चं आहे," मॅडम म्हणाली. "पण या केसमध्ये त्यानं एक गोष्ट सांगितली, जी फक्त या पंचनाम्यात आहे. बाहेर कोणालाच माहीत नव्हती."

"कोणती?"

"बाईंनी स्वतः दार उघडलं, त्याला बसवलं आणि उशाजवळच्या लाल थर्मासमधून चहा दिला. लाल थर्मास, काका! तुम्ही इतकं बारकाईनं लिहिलं नसतं, तर ही केस कधीच सुटली नसती."

हसू तोंडावर तसंच राहिलं, ते उतरवायचं भानच राहिलं नाही.

कारण त्या बाईच्या उशाशी थर्मास होता की नाही, हे मला माहीत नव्हतं. मी त्या उशाकडे बघितलंच नव्हतं.

आता हे नीट सांगतो, लपवत नाही. मला रक्त बघवत नाही आणि प्रेतही बघवत नाही. तीस वर्षं ही गोष्ट मी खात्यापासून लपवली. खुनाची वर्दी आली की मी साहेबांच्या मागे, दाराकडे तोंड करून, वहीत डोकं घालून उभा राहायचो. साहेब बोलायचे तसं लिहायचो. त्या दिवशी तेही जमलं नाही. आमच्याआधी फक्त लॉन्ड्रीवाला कपडे द्यायला वर गेला होता. पुढचं दार नुसतंच लोटलेलं होतं. त्यानं उंबऱ्यावरूनच बघितलं आणि बोंब ठोकत खाली पळाला. आम्ही आत शिरलो. मला पलंगाच्या कडेला लोंबकळणारा एक हात दिसला, बोटात शिवणाचं अंगुस्तान. बस्स. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी तसाच आतल्या स्वयंपाकघरात घुसलो, हाताला लागलं त्यावर बसलो आणि मागे पाठ टेकवून डोळे मिटून घेतले. बाहेर साहेब काय काय बोलत होते ते ऐकू येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. थोड्या वेळानं साहेबांनी विचारलं, "मोती, झालं का लिहून?" मी म्हटलं, "झालं साहेब."

वही कोरी होती.

ठाण्यावर येऊन मी लिहायला बसलो. लेखनिकांची एक खोड असते, सगळ्यांचीच. आधीचा एखादा पंचनामा काढून शेजारी ठेवायचा आणि त्याच्या चालीवर नवा लिहायचा. दरवाजा कुठल्या दिशेला, खिडक्या किती, भिंतीला रंग कुठला. साचा तोच, आतलं तेवढं बदलायचं. मी चार दिवसांपूर्वीचा एका घरफोडीचा पंचनामा काढला. तिथंही दोनच खोल्या, मागे लोखंडी जिना. एका गाण्याच्या मास्तरणीच्या घरातून ग्रामोफोन गेला होता. लाल थर्मास तिचा. तो तिच्या उशाशी होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तोच मी या मेलेल्या बाईच्या उशाशी नेऊन ठेवला. मुद्दाम नाही. हात चालत होता, लिहून गेला. लॉन्ड्रीवाल्यानं आणि त्याच्या मेहुण्यानं पंच म्हणून न वाचता सह्या ठोकल्या. साहेबांनीही. साहेबांचा माझ्यावर फार विश्वास.

आठवड्याभरानं मी तो कागद पुन्हा वाचला तेव्हा थर्मास खटकला होता. खाडाखोड करायची तर साहेबांना सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं तर मी स्वयंपाकघरात का बसलो होतो तेही सांगावं लागलं असतं. मी मूग गिळून बसलो. खुनी सापडला नाही, केस कोर्टात गेली नाही, थर्मास कपाटात राहिला.

आणि आता कोणीतरी त्यातून चहा प्यायला होता.

"तुम्ही हे जागेवर, प्रत्यक्ष बघून लिहिलं, एवढाच जबाब हवा," मॅडम म्हणाली. "नवा खटला चालवणार नाही. तो जन्मभर आत आहेच. फाइल निकाली निघाली की शुक्रवारी तिच्यातला मुद्देमाल नष्ट करायचा. उशीचा अभ्रा आहे आणि बाईच्या मुठीत सापडलेलं एक बटण."

"ते तपासायला नाही पाठवणार?"

"कबुली आहे ना," चष्मेवाला पहिल्यांदाच बोलला. "मग कशाला?"

"त्याला तुम्ही फाइल दाखवली होती का?"

चष्मेवाल्यानं चष्मा पुसायला घेतला. "वाचून दाखवली. त्याला आठवावं म्हणून."

मी सही केली. हो, केली. मॅडम समोर बसलेली, आमची ही दारात उभी, तिच्या तोंडावर माझ्याबद्दलचा अभिमान. माझी बोबडी वळली होती, हात मात्र वळणदार चालला. ती सही मी आजवर केलेली सगळ्यात सुंदर सही असेल. लाज वाटते सांगायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी आली. आता मुलगी कसली, एकतीस वर्षांची बाई. दवाखान्यात एक्स-रे काढते. मॅडमनं तिला माझा पत्ता दिला होता. ती आली आणि सरळ पाया पडायला वाकली. मी खुर्चीतून उडालोच.

"अगं, अगं! हे काय?"

"काका, तुम्ही लिहून ठेवलंत म्हणून सुटले मी."

आमच्या हिनं तिला बसवलं, पाणी दिलं. ती बोलायला लागली आणि थांबेचना. आई गेली त्या सकाळी शाळेत जाताना मागच्या दाराची कडी लावायचं काम तिचं होतं. आई तापानं पडून होती. "मी लावली होती. लावलीच होती. पण तुमच्या साहेबांनी विचारलं, मी सांगितलं, तर त्यांनी कागद वाचून दाखवला. म्हणाले, बाळ, इथं लिहिलंय, मागच्या दाराची कडी काढलेली होती. तू विसरली असशील. मी म्हटलं, असेल. कागदात आहे म्हणजे असेल. मावशीनं वाढवलं मला. वाईट नाही हो ती. पण गेली ती तिचीच बहीण ना. रागावली की तोंडातून निघायचंच, तू कडी लावली असतीस तर. दर वर्षी त्या तारखेला माझ्याशी बोलायची नाही."

"आणि आता?" आमच्या हिनं विचारलं.

"आता कळलं ना, आईनंच पुढचं दार उघडून त्याला आत घेतलं. चहा दिला. मागच्या दाराचा संबंधच नाही! मावशीचा फोन आला, ढसाढसा रडली. माफी मागितली. बावीस वर्षांनी मी रात्रभर झोपले, काका. घरातल्या कड्या पाच-पाच वेळा उठून बघते मी, काल नाही उठले."

मग ती थोडं थांबून म्हणाली, "आमच्याकडे थर्मास होता हेच मी विसरून गेले होते बघा. मॅडम म्हणाल्या तेव्हा आठवला. लाल. झाकणाला टवका गेलेला."

त्या मास्तरणीच्या थर्मासला झाकणच नव्हतं. या पोरीनं माझ्या खोट्याला स्वतःच्या मनातून झाकण घालून दिलं होतं, टवक्यासकट.

ती गेल्यावर आमची ही म्हणाली, "चला, एका तरी माणसाचं भलं झालं तुमच्या हातून." तिनं दोनदा विचारलं, "काय झालं?" तिसऱ्यांदा मी सांगून टाकलं. सगळं. ती भाजी निवडत होती. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"मला का नाही सांगितलंत? लग्नाला पस्तीस वर्षं झाली!"

"लाज वाटली."

"मग आता गप्प बसा ना," ती म्हणाली. "ती पोर झोपली एक रात्र. तिची झोप मोडून तुम्हाला काय मिळणार आहे?"

खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. मी दिवसभर स्वतःला तेच समजावत होतो. तो माणूस आत आहेच, त्याला आणखी काय होणार? पोर सुखी, मावशी सुखी, मॅडमला शाबासकी. माझ्या एका गप्प बसण्यानं एवढी माणसं सुखी होतात, तर माझ्या बापाचं काय जातंय? पण ते बटण काही केल्या डोक्यातून जाईना. मरता मरता बाईनं कोणाच्या तरी अंगावरून ते ओढलं होतं, मुठीत धरून ठेवलं होतं. तो माणूस कुठेतरी बसून चहा पीत असेल. आणि शुक्रवारी मी माझ्या सहीनं ते बटण भट्टीत टाकणार होतो.

गुरुवारी सकाळी मी पथकाच्या ऑफिसात गेलो. मॅडमला म्हटलं, मला त्याच आठवड्यातला घरफोडीचा कागद बघायचा आहे. ती गोंधळली, पण रेकॉर्ड रूममध्ये घेऊन गेली. धुळीनं शिंका देत देत चष्मेवाल्यानं गठ्ठा काढला. मी दोन्ही पंचनामे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि थर्मासवर बोट ठेवलं.

मॅडम वाचत गेली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिचा चेहरा उतरत गेला. मग तिनंच स्वतःचं बोट आणखी दोन ओळी खाली सरकवलं आणि मोठ्यानं वाचलं, "मागील दरवाजाची कडी काढलेल्या स्थितीत."

मी चष्मा नीट केला. घरफोडीच्या कागदात तेच. खुनाच्या कागदात तेच. शब्दाला शब्द. मास्तरणीच्या घरात चोर मागच्या दारानं शिरला होता, तिथं कडी काढलेलीच असणार. मी तीही उचलली होती. थर्मास मला बावीस वर्षं आठवत होता, कडी मला आठवतही नव्हती.

मी मटकन खुर्चीत बसलो. एका नऊ वर्षांच्या पोरीनं खरं सांगितलं होतं आणि माझ्या मोत्यासारख्या अक्षरानं तिला खोटं पाडलं होतं. मला रडू आलं. धुळीमुळे नाही.

"परवा तुम्ही खोटा जबाब दिलात," मॅडम म्हणाली.

"हो."

"तुमच्यावर कारवाई होईल."

"होऊ दे."

ती चष्मेवाल्याकडे वळली. "आणि तुम्ही फाइल वाचून दाखवलीत. आता बाकीच्या सहाही पुन्हा बघाव्या लागणार." तिनं तिथूनच फोन करून शुक्रवारचं काम थांबवलं आणि अभ्रा आणि बटण प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगितलं. मग मला विचारलं, "त्या मुलीला मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

ती दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहते. दाराला वर-खाली दोन कड्या आणि मध्ये एक कुलूप. तिनं हसत दार उघडलं. मी आत जाऊन बसलोसुद्धा नाही. उभ्या उभ्या बोललो, नाहीतर बोललोच नसतो. अंधारी आल्याचं, कोऱ्या वहीचं, मास्तरणीच्या थर्मासचं, कडीचं. कुठलाही शब्द सौम्य केला नाही. तिचं हसू हळूहळू गेलं.

"म्हणजे आईनं कोणाला चहा दिला नाही."

"मला माहीत नाही. ते सगळं माझ्या कागदातून आलं."

"आणि कडी?"

"कागदातली कडी खोटी आहे, बाळ. खरी लावलेली होती की काढलेली, मी बघितलं नाही."

ती एकदम उसळली. "बघितलं नाही? तुम्ही तिथं होतात ना! बावीस वर्षं, काका! मी किती जणांना सांगितलं, मी लावली होती म्हणून! माझा हात पोचत नव्हता, मी स्टूल ओढून, त्याच्यावर चढून लावायची. ते दार बाहेर उघडायचं, जिन्यावर. आई रोज बजावायची, कडी लाव नीट, नाहीतर कोणी टेकलं की थेट जिन्यावरून खाली. मी लावली, खाली उतरले आणि स्टूल तिथंच ठेवून शाळेत गेले. कुठाय तुमच्या कागदात स्टूल?"

कागदात स्टूल नव्हतं.

पण मी त्याच्यावर बसलो होतो.

ते एकदम असं आठवलं की मी भिंतीला हात लावला. स्वयंपाकघर. हाताला लागलेलं ते लाकडी स्टूल, एक पाय डुगडुगणारा. ते दाराला लागूनच होतं. मी त्याच्यावर बसलो होतो आणि अंगातलं सगळं त्राण गेल्यावर पाठ मागे टाकली होती. दारावर. पुरुषाचं पुरं वजन टाकलं होतं. मी पडलो नव्हतो.

"पाय डुगडुगायचा का त्याचा?" मी विचारलं.

तिनं मान डोलावली.

"मी त्या दाराला टेकून बसलो होतो," मी म्हटलं. "पाच मिनिटं, दहा मिनिटं. डोळे मिटून. दार हललंसुद्धा नाही."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, नऊ वर्षांच्या पोरीसारखी. मी पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर तिनं तो झटकला. बरोबरच होतं. मी हात मागे घेतला आणि उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं, उठली, टेबलावरचा फोन घेतला आणि नंबर लावला. मला वाटलं मॅडमला लावतेय. पण तिनं फोन माझ्या हातात दिला.

"मावशी आहे. तुम्ही सांगा. माझ्या तोंडून तिनं एकदा ऐकलंय, तेव्हा खरं नाही मानलं."

पलीकडून थकलेला, म्हातारा आवाज आला, "हॅलो? कोण?"

उभ्या आयुष्यात मी नेहमी दुसऱ्याचं बोलणं लिहीत आलो. माझं स्वतःचं काही सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"कोण बोलतंय?" मावशी पुन्हा म्हणाली.

"तुमच्या बहिणीचा कागद मी लिहिला होता," मी म्हटलं. "तो खोटा आहे, बाई. पोरीनं कडी लावली होती."